पाहुण्याची शिंगं

कोनापुरे डॉक्टर भेटलेल्या माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी मान बघायचे. मान सरळ असली की हात जोडून चौकशी करायचे. जरा कलती दिसली की नमस्कार अर्ध्यावर राहायचा आणि थेट प्रश्न यायचा, "केव्हापासून?" माझ्या भाचीच्या लग्नात मुलाचे वडील कान आणि खांदा यांच्यात मोबाईल दाबून आचाऱ्याशी बोलत होते. डॉक्टर त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या कानाच्या वर बोटाच्या पेरानं टकटक केली, जरा ऐकलं, आणि "आवाज चांगला आहे" म्हणून जेवायच्या रांगेत निघून गेले. व्याही दिवसभर मला विचारत होते, हे गृहस्थ कोण. मी सांगितलं, जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यावर तर ते जास्तच चिडले.

बैलाच्या शिंगाला आतून कॅन्सर होतो, हे मला डॉक्टर शेजारी राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, जनावराशी संबंध आला तो दुधाच्या पिशवीपुरता. डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. लोकांचं ऐकून घ्यायची मला नोकरीनं सवयच लावली होती. रोग सुरू झाला की बैल त्या बाजूला मान कलती करतो, डोकं झटकत राहतो, शिंग खांबाला घासतो. शिंग बोटानं वाजवून पाहिलं तर निरोगी शिंग बुडाशी पोकळ वाजतं, आत गाठ भरली असेल तर बद्द वाजतं. ही टकटक डॉक्टरांच्या हाताला इतकी बसली होती की ते दारं वाजवायचे, भिंती वाजवायचे, कलिंगडं वाजवायचे. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी एकदा वाजवून म्हणाले, "ताई, हिच्यात गाळ आहे." होता. पण शेजाऱ्याच्या टाकीला असं कुणी बोलतं का?

माणूस एकटा होता. लग्न केलं नव्हतं. मी एकदा स्पष्टच विचारलं तर म्हणाले, "जेऊरला होतो तेव्हा एक स्थळ आलं होतं. मग श्रीपूरला बदली झाली. त्यांनी पत्ता विचारला नाही, मीही कळवला नाही." एवढंच. सकाळी भात-आमटी करायचे, तीच रात्री खायचे. आमच्याकडून काही गेलं तर ताट कधी रिकामं परत यायचं नाही. पण घरात होतं काय? कधी एक लिंबू यायचं, कधी कडुनिंबाचा पाला, आणि एका दिवाळीला चकलीच्या डब्यातून जनावराचा ताप बघायचा थर्मामीटर आला. "नवा आहे," असा वरून निरोप. मी तो अजून ठेवलाय. फेकायचं धाडस होत नाही आणि वापरायचं तर त्याहून नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या जुळे सोलापुरात अर्ध्या प्लॉटवर दोन खोल्या बांधल्या आणि उरलेला अर्धा मोकळा ठेवला. आम्हाला वाटलं, बाग करतील. एका सकाळी टेम्पो आला आणि त्यातून एक पांढरं खिलार खोंड उतरलं. पुढचा एक पाय जन्मापासून वाकडा. मंद्रूपच्या बाजारात त्याला कुणी बघतही नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी आणलं. मी भिंतीवरून विचारलं, "डॉक्टर, हे काय?"

"पाहुणा आहे, ताई."

"किती दिवस?"

"बघू."

तेच त्याचं नाव पडलं. पाहुणा वाढला, त्याची शिंगं माझ्या भिंतीच्या वर आली, मग मान आली, मग त्यानं माझी जास्वंद खाल्ली आणि एकदा वाळत घातलेला परकर चघळून परत तारेवर ठेवला. मी महापालिकेत जायची भाषा केली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जा ताई, पण आधी चहा घ्या." त्या चहाला मला कळलं की हा बैल पाळलेला नाही, ठेवलेला आहे. त्याला खच्ची करायचं नाही. मानेवर जू ठेवायचं नाही. शिंगाला विळा, काच, रंग, काही लावायचं नाही. नुसता जगू द्यायचा, म्हातारा होऊ द्यायचा, आणि रोज शिंग वाजवून बघायचं.

"म्हणजे काय होईल?" मी विचारलं.

"काही झालं नाही तर बरं होईल."

"एका जनावरावरून काय सिद्ध होणार?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मला बघायचंय."

डॉक्टरांना एकाच प्रश्नानं धरलं होतं, आणि तो प्रश्न ते कुठंही काढायचे. अंगात कोट्यवधी पेशी आहेत आणि त्या सारख्या एकीच्या दोन होतात. दर वेळी एखादी बिघडून बंड करायची शक्यता असते. मग ज्याचं अंग मोठं, ज्याचं आयुष्य मोठं, त्याला कॅन्सर जास्त व्हायला पाहिजे. हत्तीला तर विचारायलाच नको. पण हत्तीला फारसा होत नाही. का? तर हत्तीच्या अंगात बिघडलेली पेशी ओळखून तिथल्या तिथं मारून टाकणारी व्यवस्था आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे. याला डॉक्टर 'पहारा' म्हणायचे. "मोठं व्हायचं असेल तर आधी पहारा वाढवावा लागतो, ताई. ज्यांनी नाही वाढवला, ते मोठे झालेच नाहीत."

"मग उंदरानं का नाही वाढवला?" मी विचारायची म्हणून विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला माझीच कीव आली, कारण आता भाजी करपणार हे ठरलं. "उंदराला घुबड आधी गाठतं. कॅन्सर व्हायच्या वयापर्यंत तो पोचतोच कुठं? त्यानं जोर लावायचा तो पिल्लं काढण्यावर. पहारा फुकट मिळत नाही. अंगातली ताकद तिकडे गेली की वाढ हळू होते, पिल्लं कमी होतात. कुणी कुणाला खातंय, त्यावर कोण किती पहारा ठेवणार हे ठरतं. वटवाघूळ बघा. उंदराएवढंच, पण उडतं, शत्रूच्या हाताला सहसा लागत नाही. म्हणून ते कितीतरी वर्षं जगतं आणि पहाराही चोख ठेवतं."

भाजी करपली. पण त्यानंतर संध्याकाळी गच्चीवरून वटवाघळं दिसली की मी उगीच थांबून बघायला लागले.

एकदा आमच्या महिला मंडळानं त्यांना बोलावलं. विषय दिला होता 'पाळीव प्राणी आणि आपण'. बायकांना वाटलं मांजराच्या केसांविषयी सांगतील. डॉक्टरांनी सुरुवातच कोंबडीपासून केली. रानातली कोंबडी वर्षातून थोडी अंडी घालते. आपण तिला जवळजवळ रोज घालायला लावली. प्रत्येक अंड्याला तिच्या अंडाशयावर एक जखम होते आणि ती भरून यायला पेशी वाढतात. म्हणून पोल्ट्रीतल्या कोंबड्या जरा वय झालं की अंडाशयाच्या कॅन्सरनं मरतात. "आपण तिच्याकडून सगळं घेतलं आणि पहाऱ्याला काही उरू दिलं नाही," असं ते म्हणाले, आणि नेमका तेव्हाच अंडा-पफचा ट्रे आत आला. पुढच्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "मग डॉक्टर, आम्ही हळद घ्यावी का?" डॉक्टर बराच वेळ विचार करून म्हणाले, "भाजीत घाला." मंडळानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. त्यांना ते कळलंही नाही. पुढच्या महिन्यात ते शर्टाला इस्त्री करून मला विचारायला आले, या वेळी हरणावर बोललं तर चालेल का?

मग हरणावर ते माझ्या एकटीपुढे बोलले. सांबराचं शिंग दर वर्षी गळतं आणि नवं येतं, बघता बघता वाढतं. इतक्या वेगानं अंगातलं दुसरं काही वाढत असेल तर ती गाठ. पण सांबराचं शिंग ठरल्या ठिकाणी थांबतं, आणि त्या जातीला कॅन्सरही कमी होतो असं शोधणाऱ्यांना दिसलंय. म्हणजे ज्यांनी शिंग उगवलं, त्यांना त्याच्याबरोबर पहाराही मोठा ठेवावा लागला.

"आणि आपला बैल?" ते म्हणाले. "शिंगवाल्यांच्याच कुळातला. हरणाचा लांबचा भाऊ. त्याला नेमकं शिंगातच का होतं? गव्याला झालेला ऐकला नाही. वळूला क्वचित होतो. होतो तो आपल्या बैलाला. जो आपण खच्ची केला, ज्याच्या शिंगाला दोरी बांधली, ज्याचं शिंग दर वर्षी तासलं. मला वाटतं, ताई, त्याचा पहारा आपणच काढून घेतला."

'आपण' म्हणताना ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. नोकरीभर त्यांचं निम्मं काम तेच होतं, गावोगाव खोंडं खच्ची करायचं. श्रीपूरला असताना ऊसतोडीच्या हंगामात एका टोळीतला माणूस बैल घेऊन आला. मान कलती, नाकातून रक्त. डॉक्टरांनी शिंग मुळापासून काढलं. तो माणूस बैलाच्या गळ्यात हात घालून बसला होता. त्यानं विचारलं, "कशानं झालं ओ सायेब? मी तर याला कदी काटीबी मारली न्हाय." डॉक्टर म्हणाले, माहीत नाही. बैलाच्या कानातला बिल्ला त्यांनी ओळखला होता. तो बैल काही वर्षांपूर्वी त्यांनीच खच्ची केलेला होता.

"तुम्ही नाही केलं तर दुसऱ्यानं केलं असतं," मी म्हटलं. असं म्हणायची पद्धत आहे.

"दुसऱ्यानं केलं असतं तर मी आज झोपलो असतो," डॉक्टर म्हणाले.

आमच्या दक्षिणेकडच्या गावांत बैलांचा सण ज्येष्ठी पौर्णिमेला येतो, त्याला कारहुणवी म्हणतात. बैल धुवायचे, शिंगं काचेनं तासून गुळगुळीत करायची, त्यांना लालभडक हुरमंज लावायचा, वर बेगड चिकटवायची, पुरणपोळी चारायची. डॉक्टर नोकरीत असताना त्या दिवशी मोटरसायकल काढून मंद्रूपच्या आसपासच्या गावांत फिरायचे आणि पारावर उभे राहून ओरडायचे, रंग लावा, बेगड लावा, पण शिंग तासू नका. लोक त्यांना पोळी वाढायचे, हो हो म्हणायचे, आणि ते फाट्याला लागले की काच काढायचे. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी दर वर्षी जायचे. सगळा गाव सणात, आणि हा माणूस एकटा एका पारावरून दुसऱ्या पारावर. मला ते चित्र डोळ्यांपुढे आलं की अजून वाईट वाटतं.

पाहुण्याला वैरण-पाणी करायला सिद्राम यायचा. मंद्रूपकडचा, आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारा, एका टॉवेलच्या कारखान्यात गेटवर वॉचमन. घरचे बैल ट्रॅक्टर आल्यावर भावानं विकले. तेव्हापासून याचा हात शिवशिवत होता. डॉक्टरांनी काही द्यायचं म्हटलं तर म्हणाला, "मला काय नको. रोज अंगावरनं हात फिरवू द्या, बास." दोघं पाहुण्याशी कानडीतून बोलायचे. आपसांत मात्र फारसं नाही. सिद्रामला डॉक्टरांचा नियम पाठ होता, पण पटलेला नव्हता. मला एकदा हळूच म्हणाला, "अक्का, शिंगं किती खरबरीत झाल्यात बगा की. बिनआंगोळीचं पोरगं दिसतंय."

एका वर्षी ज्येष्ठ महिन्यात डॉक्टर बहिणीकडे लातूरला गेले. बहीण आजारी होती. म्हणाले, दोन दिवसांत येतो. मधे कारहुणवी आली. सकाळी माझ्या भिंतीपलीकडे खरवडल्याचा आवाज. बघते तर सिद्राम पाहुण्याला नीट धुऊन, निंबाला बांधून, काचेच्या तुकड्यानं शिंग तासतोय. भुसा त्याच्या पायांवर पडतोय, आणि पाहुणा डोळे मिटून उभा.

"सिद्राम, डॉक्टरांना विचारलंस का?"

"सणाला काय इचारायचं, अक्का?" त्यानं मान वर केली नाही. "वर्षाचा सण हाय. सगळ्या मुलकातली जनावरं नटत्यात आनि ह्येनं कुणाचं काय खाल्लंय? ह्येला कोन न्हाय का?"

दुपारपर्यंत शिंगं आरशासारखी झाली. हुरमंज लागला, बेगड लागली, गळ्यात घुंगरं आली. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. लंगडत लंगडत पाहुणा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, आणि खरं सांगते, तो इतका देखणा आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर रिक्षातून उतरले. फाटक उघडून आत आले आणि पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. सिद्राम पुढे झाला, तोंडभर हसत. "बगा डॉक्टर, ह्येला कसा केला." डॉक्टर पाहुण्याजवळ गेले. शिंगावरून बुडापासून टोकापर्यंत हात फिरवला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तळहात लाल झाला.

"छान दिसतोय," ते म्हणाले. "पोळी दिलीस का?"

"दिली की. तुमच्या हातची राहिली हाय."

डॉक्टरांनी पोळी चारली, हात धुतले, आत गेले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी उभी राहून कसंबसं विचारलं, तर म्हणाले, "इतकी वर्षं जपलं ते आता संपलं, ताई. उद्या याला काही झालं तर कशानं झालं हे मला कळणार नाही. आणि नाही झालं तरी कळणार नाही." मग म्हणाले, "आता हा नुसता बैल आहे." आणि पिशवीतून त्याच्यासाठी आणलेली गुळाची ढेप काढून फोडायला लागले.

सिद्रामला त्यांनी एका शब्दानं काही सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं कारहुणवीला ते सिद्रामला आधीच कुठल्या तरी कामाला धाडायचे. शिंग वाजवणं मात्र सुरू होतं. पूर्वी दिवसातून एकदा असायचं, आता मी दुपारी भांडी घासत असले तरी टकटक ऐकू यायची, संध्याकाळी यायची. मला त्या आवाजाचा घोर लागला. मीही कान देऊन ऐकायला लागले, पोकळ वाजतंय ना म्हणून.

एका सकाळी पाहुण्यानं डोकं झटकलं. माशी असेल, मी म्हटलं. दुपारी पुन्हा झटकलं. दोन-चार दिवसांत मान डावीकडे कलती झाली. डॉक्टरांनी डावं शिंग वाजवलं. बद्द. उजवं वाजवलं, मग पुन्हा डावं. भिंतीच्या या बाजूनं मलाही फरक कळला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत ना?" मी मान हलवली. आणखी कुणी नव्हतंच तिथं त्यांना विचारायला.

सिद्रामला ते सांगावं लागलं नाही. त्यानं मान बघितली आणि फाटकातच खाली बसला. एवढा मोठा गडी, पण हुंदके गल्लीच्या टोकाला ऐकू जात होते. माणसं जमली. "माज्यामुळं झालं. तुमी आख्खा जलम सांगत फिरला आनि मी काच लावली. मीच मारला ह्येला." तो डॉक्टरांच्या पायांवर डोकं टेकायला लागला.

डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. आणि सगळ्यांच्या देखत, पारावर उभं राहिल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाले, "शिंग तासून काही होत नाही, सिद्राम."

सिद्रामनं तोंड वर केलं.

"ते माझं चुकलं होतं. नवं संशोधन आलंय. तासण्याचा काही संबंध नाही. म्हातारपण आहे, दुसरं काही नाही."

"खरं?" सिद्रामनं विचारलं.

"मी कधी खोटं बोललोय का तुझ्याशी?"

गर्दीत मंद्रूपकडचे एक-दोघं होते. त्यातला एक हसला. "मग डॉक्टर, आमच्या पारावर बोंबलत का फिरत होता ओ दरसाल?" डॉक्टर म्हणाले, "चुकलो." तो माणूस अजून हसत होता. "आमचा आबा म्हनतच हुता, कोनापुऱ्याला दुसरं काम न्हाय." डॉक्टरांनी त्यावरही मान डोलावली.

माझं डोकं फिरलं. लोक गेल्यावर मी त्यांना भिंतीवरून चांगलंच फैलावर घेतलं. "हे काय केलंत? जन्मभर जे सांगितलं ते एका मिनिटात पुसून टाकलंत. आणि नवं संशोधन कुठलं आलं?"

"कुठलं नाही."

"मग खोटं का बोललात?"

"खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक आहे, ताई?" ते पाहुण्याची मान खाजवत होते. "तासण्यानं झालं असेल, वयानं झालं असेल, नशिबानंही. माझं नुसतं वाटणं होतं. त्या वाटण्यापायी सिद्राम बैल मारल्याचं ओझं घेऊन जगणार. मी ते जगून बघितलंय. ते कुणाला देऊ नये."

मी घरात गेले आणि रडले, आणि मग स्वतःवरच चिडून कणीक मळायला घेतली.

शिंग काढायला त्यांचा एक जुना सहकारी आला. डॉक्टरांचा हात आता थरथरत होता, म्हणून त्यांनी नुसतं डोकं धरलं. पाहुणा त्यातून उठला, एका शिंगाचा झाला, वैरण खाऊ लागला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण उन्हाळ्याच्या शेवटी जखमेच्या जागी पुन्हा गाठ आली, या वेळी आत, डोळ्याच्या मागे. डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं, आता फार दिवस नाहीत.

सिद्राम रोज येत होता, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हता. पेंढी भिंतीवरून आत टाकायचा, पाण्याची बादली फाटकात ठेवायचा आणि जायचा. डॉक्टरांचं म्हणणं त्यानं ऐकलं होतं, त्यावर विश्वास ठेवला नव्हता. पाहुण्याला हात लावायचा तर त्याचे हात मागे जायचे.

मग कारहुणवी आली. त्या दिवसानंतर मी डॉक्टरांना पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. परत आले तेव्हा पाहुणा नव्हता, आणि डॉक्टर बहिणीकडे लातूरला गेले होते. ते तिथंच वारले. आता त्या प्लॉटवर कुणी तरी मोटारी लावतं.

त्या कारहुणवीच्या सकाळी सिद्राम बादली ठेवून वळला, तर डॉक्टरांनी हाक मारली. पाहुणा निंबाला बांधलेला, धुतलेला. डॉक्टर उलट्या बादलीवर बसले होते, मांडीवर हुरमंजाची वाटी, हातात काचेचा तुकडा. "सण आहे ना आज," ते म्हणाले, आणि त्यांनी उरलेल्या उजव्या शिंगाला काच लावली. आयुष्यात पहिल्यांदा. थरथरता हात, काच कुठंही घसरत होती, शिंगावर ओरखडे उठत होते. पाहुण्यानं डोकं मागं घेतलं.

सिद्राम फाटकाबाहेर उभा राहून बघत होता. डॉक्टर तासत राहिले. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा सिद्रामला बघवलं नाही.

"आसं न्हाय ओ डॉक्टर," तो फाटक ढकलून आत आला. "उबं धरा की. कुटं शिकला हे? द्या हिकडं."

डॉक्टरांनी काच देऊन टाकली, बादलीवरून उठले आणि त्याला जागा करून दिली. सिद्राम बसला. आधी त्यानं पाहुण्याच्या कपाळावर तळहात ठेवला, बराच वेळ. मग कामाला लागला. हळू, लांब हातानं, तोंडानं कानडीतून काहीबाही बोलत. पांढरा भुसा पडायला लागला. पाहुण्यानं डोळे मिटले.

डॉक्टर चालत माझ्या भिंतीपाशी आले, त्या दोघांकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात भिंतीवर टेकले होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते, कारण पुसायला हात वर केला असता तर मागून दिसलं असतं. रंग लागला, बेगड लागली. एकच शिंग, पण सिद्रामनं ते असं नटवलं की दुसरं नाही हे कुणाच्या ध्यानात येऊ नये.

"डॉक्टर, बगा की," तो मागून म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा आला होता. "दिसतोय का न्हाय?"

"दिसतोय, दिसतोय," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, आणि मागं वळले नाहीत.